मदत हवी आहे: नकाशावर वर्धा, वाशिम मराठीत फुटून दिसतंय

नकाशावेडी
नमस्कार, घाईत लिहितेय. पिकांवरच्या किडीचा धोका दाखवणारा वेब नकाशा आहे, इंग्रजीत व्यवस्थित चालतोय, आता मराठी आणि हिंदी हवंय. भाषांतराची फाईल झाली, बटण झालं, पण मराठी निवडलं की गावांची नावं फुटतात. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट टाकून पाहिला, काही फरक नाही. सोमवारी यवतमाळच्या कापूस शेतकऱ्यांच्या गटाला दाखवायचंय आणि या वेळी इंग्रजी वाचावं लागणार नाही असा मी त्यांना शब्द दिलाय. प्लीज कोणीतरी पटकन सांगा.

लोअरपरळ
फुटतात म्हणजे काय? चौकोन येतात की अक्षरं इकडची तिकडे? आणि लायब्ररी कुठली ते लिहिलंच नाहीये.

बटणदाबा
मशीन ट्रान्सलेशन लावा, पाच मिनिटांचं काम आहे.

नकाशावेडी
@बटणदाबा भाषांतर झालंय हो, वर लिहिलंय. मशीनने लीफ मायनरचं 'पान खाणकामगार' केलं होतं, नागअळी म्हणतात हे मलाच टाकावं लागलं.
@लोअरपरळ मॅपलिब्रे, वेब नकाशे काढायची लायब्ररी. चौकोन नाहीत. यवतमाळ, अकोला, नागपूर बरोबर येतं. वाशिममध्ये वेलांटी श च्या आधी यायची ती नंतर येते, वर्ध्याचा रफार डोक्यावर न जाता र पाय मोडून वेगळाच उभा राहतो. पण क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पॉपअपमध्ये तेच नाव बरोबर दिसतं!

लोअरपरळ
मग फॉन्टचा दोष नाही. पॉपअप एचटीएमएल आहे, तिथे ब्राउझर जोडाक्षरं जुळवतो. नकाशावरची लेबलं वेबजीएलमधून (ब्राउझरमध्ये ग्राफिक्स काढायची सोय) एकेक अक्षर सुटं ठेवून काढली जातात, जुळवणी होतच नाही. यवतमाळमध्ये जोडाक्षर नाही, पहिली वेलांटी नाही, म्हणून ते वाचलं. अरबीसाठीचं प्लगइन सुचवतील कोणी, ते उजवीकडून डावीकडच्या लिप्यांसाठी आहे, इथे उपयोग नाही. लेबलांचा थर बंद करा आणि नावं एचटीएमएल मार्करने, म्हणजे नकाशावर वरून ठेवलेल्या साध्या वेब मजकुराने ठेवा. जिल्हे ३६ च आहेत, सहज झेपेल.

अंधेरीलोकल
एवढा खटाटोप कशाला, लीफलेट ही दुसरी लायब्ररी आणि चित्रांच्या टाइल्स (नकाशाचे आधीच रंगवलेले चौकोनी तुकडे) घ्या, देवनागरी छान येते.

लोअरपरळ
येते, पण टाइलमध्ये नाव रंगवलेलं असतं, बटण दाबून मराठीचं हिंदी कसं करणार? प्रत्येक भाषेचा वेगळा टाइलसंच बनवत बसणार का?

अंधेरीलोकल
बनवायचा. मी केलाय, दोन भाषांना सर्व्हर पुरतो. तालुके साडेतीनशेच्या वर आहेत, एवढे मार्कर स्वस्त फोनवर टाकून बघा मग बोलू.

लोअरपरळ
सगळे एकदम कशाला? झूम केल्यावर जेवढे स्क्रीनवर तेवढेच.

जास्वंद_बोरिवली
किडीचा विषय निघालाच आहे तर विचारते, बाल्कनीतल्या जास्वंदीवर पांढरा कापसासारखा थर आलाय, काय मारू?

बोंडअळी_नको
ताई, तो पिठ्या ढेकूण असणार. आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मग निंबोळी अर्क फवारा, पण वेगळा धागा काढा हो.
नकाशावेडी, दोन गोष्टी बघा. जिल्ह्यांचा डेटा नावावर जोडला असेल तर भाषा बदलल्यावर जुळणार नाही, शिवाय उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर झालंय. नावाऐवजी जिल्ह्याच्या कोडवर जोडा. दुसरं, नुसतं 'जास्त धोका' लिहून शेतकऱ्याला काय कळणार? गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा) सलग ३ दिवस रोज ८ पतंग सापडले की धोक्याची पातळी ओलांडली, असं लिहा. गावातला माणूस सापळा मोजून बघतो. आणि हिंदीची फाईल मराठीवरून कॉपी केली नाही ना? त्यांच्याकडे धोखा म्हणजे फसवणूक, तिथे धोका ठेवला तर वाचणारा गोंधळेल. खतरा लिहा.

नकाशावेडी
दादा, कॉपीच केलीये. बदलते.
मार्कर लावले, वर्धा आणि वाशिम नीट दिसतंय!! पण मराठी केलं की सूचीतले सगळे रंग करडे होतात, हे आणखी नवीन.

लोअरपरळ
आकडे एमआर-आयएनमध्ये, म्हणजे भारतातल्या मराठीच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट करताय का? तिथे अंक आपोआप देवनागरी होतात, '३.५' परत संख्या म्हणून वाचायला गेलं की वाचताच येत नाही, रंग कुठून लागणार. हिशोब मूळ आकड्यावर करा, देवनागरी फक्त दाखवताना.

नकाशावेडी
तेच होतं. रंग आले. आईच्या जुन्या फोनवर उघडून तिलाच वाचायला लावलं, हिंगणघाट एका दमात वाचलं तिने. आता हिंदीत १४ ठिकाणी धोका आहे, ते बदलून झोपते. तालुक्यांचं उद्या बघते, @अंधेरीलोकल तुमचा फोन कुठला होता ते सांगून ठेवा.