बांधकामावरची सुरक्षा: साहेबांच्या हातात की मुकादमाच्या?

ओळंबा: माणूस पडला की चौकशी 'बेल्ट का नव्हता' इथे थांबते. अपघात होतो साइटवर, पण ठरतो निविदेच्या टेबलावर. कठडे, जाळ्या, परांची 'दरात समाविष्ट' असं लिहिलं की सर्वांत कमी दर भरणारा ठेकेदार पहिली काट तिथेच मारतो. प्रकल्पप्रमुखाने कठड्याचं रनिंग मीटरने (लांबी मोजून) वेगळं बिल दिलं तर कठडा लागतो. महिन्यातून एकदा पांढरं हेल्मेट घालून फेरी मारणं म्हणजे नेतृत्व नव्हे.

शटरिंगवाला: अर्धंच पटलं. माल चढवताना कठडा काढते टोळी, परत लावत नाही तीच टोळी. माणसं सतत बदलतात, त्यांना ओळखतो फक्त मुकादम.

ओळंबा: टोळीला पैसे चौरस फुटावर. कठडा परत बसवण्याचा अर्धा तास तिच्याच खिशातून जातो. हा हिशेब मुकादमाने लावलेला नाही.

परांची: बेल्टचंही गणित करा. हुक पायाच्या पातळीवर असेल तर लॅनयार्ड (बेल्टची दोरी) 2 मीटर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर (दोरीतली झटका शोषणारी घडी) उघडतो ते जवळपास पावणेदोन, त्यात माणसाची उंची. खाली 6 मीटरच्या आसपास मोकळं हवं. पहिल्या स्लॅबवर 3 मीटरच असतात, म्हणजे माणूस बेल्टसकट जमिनीवर. तिथे कठडाच हवा. हे खरेदीआधी कळायला नको?

शटरिंगवाला: स्लॅबच्या घाईत दोष वरच्यांचा, हे मात्र मान्य. आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटला 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबखालचे टेकू 7 दिवस ठेवायचे, त्यापुढे 14 (पीपीसीला, म्हणजे राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला, त्याहून जास्त, हे बहुतेक विसरतात). आठवड्याला एक स्लॅब मागायचा आणि टेकूंचा संच एकच द्यायचा, मग टेकू लवकर निघणारच. पण खोदाईचं काय? माती काठापासून दीड मीटर लांब टाकायला पैसा लागत नाही, नजर लागते.

परांची: नजर ठेवणारा सेफ्टी ऑफिसर कोणाच्या हाताखाली? 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात तो 500 कामगारांवर सक्तीचा होता, 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेत 250 वर. पण त्याचा वार्षिक शेरा लिहिणार प्रकल्पप्रमुख, ज्याला तारीख गाठायचीय. असा ऑफिसर काम थांबवेल?

ओळंबा: आणि माती काठावर पडते ती डंपर वेळेवर येत नाही म्हणून. डंपर कोण मागवतं?

शटरिंगवाला: डंपर उभा असतानाही काठावर ढीग असतात. संध्याकाळी कुठल्याही साइटवर जाऊन बघा.