मुख्य रस्त्याचा नवा आराखडा आणि तिथली रेस्टॉरंट्स: सभासदांची मते

कार्यवाहांकडून

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या आपल्या या शहराच्या डाउनटाउनमधल्या मुख्य रस्त्याचा नवा आराखडा शहर प्रशासनाने चर्चेसाठी खुला केला आहे. त्यात दोन सूचना आहेत. रस्त्याच्या चार मार्गिकांऐवजी तीनच ठेवाव्यात, म्हणजे येण्याची एक, जाण्याची एक आणि मधली डावीकडे वळणाऱ्यांसाठी, ही पहिली. रेस्टॉरंट्सची दाटी असलेला मधला भाग गाड्यांना कायमचा बंद करून तिथे टेबले मांडू द्यावीत, ही दुसरी. जनसुनावणीपूर्वी मंडळाने आपले म्हणणे लेखी कळवावे का, अशी विचारणा काही सभासदांनी केली आहे. त्या परिसरात राहणारे, तिथे व्यवसाय करणारे आणि फक्त जेवायला जाणारे असे तिन्ही प्रकारचे लोक आपल्यात असल्यामुळे आधी मते समजून घ्यावीत, असे कार्यकारिणीला वाटते. कृपया सविस्तर लिहावे.

आपला,
कार्यवाह

परिसरात राहणाऱ्या एका सभासदाकडून

सप्रेम नमस्कार.

आमचे घर या रस्त्याच्या मागच्याच गल्लीत आहे आणि रस्ता बंद करण्यास माझा विरोध आहे. माझे सासरे वॉकर घेऊन चालतात. आज त्यांना रेस्टॉरंटच्या दारात उतरवून मी गाडी लावायला पुढे जाऊ शकते. रस्ता बंद झाल्यावर त्यांना कोपऱ्यापासून चालत न्यावे लागेल, आणि आराखड्यात गाडीतून उतरण्याची जागा कुठेही दाखवलेली मला तरी दिसली नाही. फुटपाथवर आताच टेबले, फलक आणि फुलांच्या कुंड्या यांची इतकी गर्दी असते की व्हीलचेअरला वाट काढावी लागते. अपंगांसाठीच्या १९९० च्या केंद्रीय कायद्याखालील मानकांप्रमाणे चालण्याच्या मार्गाची मोकळी रुंदी किमान ३६ इंच असावी लागते, आणि सार्वजनिक रस्त्यांसाठी २०२३ मध्ये आलेली मार्गदर्शक तत्त्वे तर ४८ इंच मागतात. हे मोजायला आजवर कोणी टेप घेऊन आलेले मी पाहिलेले नाही.

दुसरी तक्रार आवाजाची आणि आमच्या गल्लीत लागणाऱ्या गाड्यांची आहे. गजबज सगळ्यांनाच हवी असते, फक्त स्वतःच्या खिडकीखाली नको असते, हे मान्य करूनच मी लिहीत आहे.

आपली,
एक रहिवासी

निवृत्त वाहतूक अभियंत्याकडून

कार्यवाह महोदय आणि सभासदहो, सप्रेम नमस्कार.

नोकरीची सगळी वर्षे वाहतूक अभियांत्रिकीत गेल्यामुळे हे पत्र लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा असावी. ताईंचा विरोध दुसऱ्या सूचनेला आहे. पहिलीविषयी त्यांनी काहीच लिहिलेले नाही, आणि गावातल्या चर्चेत नेमका हाच घोळ चालू आहे. मार्गिका कमी करणे आणि रस्ता बंद करणे या निराळ्या गोष्टी आहेत. एकीला पाठिंबा आणि दुसरीला विरोध, अशी भूमिका पूर्णपणे सुसंगत ठरते, आणि माझी स्वतःची भूमिका जवळपास तशीच आहे.

इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे मध्ये दुभाजक नसलेल्या चार मार्गिकांच्या रस्त्यावर डावीकडे वळू पाहणारी गाडी समोरची वाहतूक संपण्याची वाट पाहत आतल्या मार्गिकेत थांबते, आणि तिच्या मागचे चालक एकतर तिच्यावर आदळतात किंवा अचानक बाजूच्या मार्गिकेत शिरतात. पायी रस्ता ओलांडणाऱ्याची अवस्था याहून बिकट असते, कारण पहिल्या मार्गिकेतला भला चालक थांबतो आणि त्याच्याच गाडीच्या आडोशामुळे दुसऱ्या मार्गिकेतल्या चालकाला माणूस दिसत नाही. केंद्रीय महामार्ग प्रशासनाच्या आकडेवारीनुसार अशा रस्त्याच्या तीन मार्गिका केल्यावर अपघात १९ ते ४७ टक्क्यांनी घटतात, आणि दिवसाला वीस हजारांपर्यंत गाड्या जाणाऱ्या रस्त्यांना हा बदल सहसा पेलतो. अग्निशमन दलाचा बंब अडकेल, हा आक्षेप मी प्रत्येक सुनावणीत ऐकलेला आहे. प्रत्यक्षात मधली मार्गिका बंबाला बरीचशी मोकळी मिळते. या सूचनेला मंडळाने विनाअट पाठिंबा द्यावा, असे माझे मत आहे.

गाड्यांना बंद केलेल्या रस्त्यांचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. मिशिगनमधल्या कॅलामाझू शहराने १९५९ मध्ये आपला बाजाररस्ता पादचाऱ्यांना दिला आणि त्याच्या पाठोपाठ देशभर सुमारे दोनशे शहरांनी तोच कित्ता गिरवला. त्यांतले बहुतेक रस्ते पुढे पुन्हा गाड्यांना खुले करावे लागले. खुद्द कॅलामाझूने काही भाग १९९८ मध्ये उघडला. शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवर १९७९ मध्ये खासगी गाड्यांना केलेली बंदी १९९६ मध्ये उठली. आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोचा, १९६४ मध्ये मोठ्या कौतुकाने सुरू झालेला फुल्टन मॉल २०१७ मध्ये पुन्हा साधा रस्ता झाला. दुकाने उपनगरांतल्या मॉलमध्ये निघून चालली होती, आसपास राहणारी वस्ती विरळ होत होती, आणि अशा वेळी गाड्या हटवल्याने रस्त्यावर माणसे येतील अशी आशा केली गेली. आधी कळस मग पाया, असाच तो प्रकार होता.

टिकलेल्या रस्त्यांकडे पाहिले की फरक कळतो. कोलोराडोतल्या बोल्डरचा पर्ल स्ट्रीट १९७७ पासून आणि व्हर्मांटमधल्या बर्लिंग्टनचा चर्च स्ट्रीट १९८१ पासून चालू आहे. दोन्ही ठिकाणी विद्यापीठ जवळ आहे, पर्यटक येतात, आणि चालत पोहोचता येईल अशा अंतरावर पुष्कळ लोक राहतात. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाने १९६५ मध्ये बंद केलेला रस्ता रया गेल्यानंतर १९८९ मध्ये चित्रपटगृहे आणि रेस्टॉरंट्ससह नव्याने उभा केला आणि तो अनेक वर्षे भरभराटीला आला. पण अलीकडे तिथेही रिकामे गाळे दिसू लागले आहेत. म्हणून आराखड्यातला ‘कायमचा’ हा शब्द मला सर्वांत खटकतो. आधी उन्हाळ्यापुरता, शुक्रवार ते रविवार संध्याकाळी रस्ता बंद ठेवून पाहावा, आणि त्या काळात किती माणसे येतात, ती कशी येतात आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत किती गाड्या वळतात, हे मोजावे.

पार्किंग गेले की गिऱ्हाईक तुटेल, ही दुकानदारांची भीती बहुधा अवास्तव असते. टोरांटोच्या ब्लोर स्ट्रीटच्या एका भागात केलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गाडीने येणारे ग्राहक दहातले जेमतेम एक निघाले. अर्थात ब्लोर स्ट्रीटखालून भुयारी रेल्वे धावते, त्यामुळे तो आकडा कोणी इथे जसाच्या तसा उचलू नये. खरा प्रश्न जागा किती आहेत यापेक्षा त्या कोण अडवून बसते, हा असतो. कॅलिफोर्नियातल्या पासाडिना शहराच्या जुन्या भागात १९९३ मध्ये पार्किंगचे मीटर बसवताना, त्यांचे उत्पन्न त्याच भागात खर्च होईल, असे शहराने व्यापाऱ्यांना कबूल केले आणि त्या पैशातून फुटपाथ, दिवे आणि मागच्या गल्ल्या सुधारल्या. दिवसभर दारातली जागा अडवणाऱ्या दुकानातल्या नोकरांच्या गाड्या तिथून हलल्या, हा त्याचा दुसरा लाभ. दोन चौकांमधल्या प्रत्येक पट्ट्यात एक-दोन जागा नेहमी रिकाम्या राहतील इतकेच शुल्क असावे, असे पार्किंगचे अभ्यासक प्राध्यापक डोनाल्ड शूप सांगत असत. ताईंच्या सासऱ्यांना दाराजवळ जागा मिळण्याचा तोच खात्रीचा उपाय आहे.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

रेस्टॉरंट्सचे हिशेब पाहणाऱ्या सभासदाकडून

नमस्कार.

काकांचे पत्र वाचून बराच उलगडा झाला, परंतु रेस्टॉरंटवाल्यांचे नाव घेऊन जे बोलले जाते, त्यातले बरेचसे त्यांनी स्वतः म्हटलेले नसते. मी या क्षेत्रातल्या काही व्यावसायिकांचे हिशेब पाहतो, म्हणून लिहितो.

या धंद्यात सगळा खर्च भागल्यावर शंभरात साधारण तीन ते पाच उरतात. त्यामुळे बाहेर टेबले मिळणे ही मोठी गोष्ट वाटते, आणि चांगल्या हवेच्या महिन्यांत ती असतेही. पण बाहेर टेबले वाढली म्हणून आतल्या चुली वाढत नाहीत. स्वयंपाकघर तेवढेच राहते, वाढणाऱ्यांना लांब चालावे लागते, आणि पाऊस आला की बाहेरचे सगळे गिऱ्हाईक एकाच वेळी आत शिरू पाहते. न्यूयॉर्क शहराने २०२० च्या कोविड साथीत रस्त्यावर टेबले मांडण्याची मुभा दिली आणि २०२३ च्या कायद्याने ती हंगामी केली: रस्त्यावरचे मंडप नोव्हेंबर संपता संपता काढायचे आणि एप्रिलमध्ये पुन्हा उभारायचे. ते साठवायचे कुठे आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नांनी पुष्कळ लहान व्यावसायिकांनी त्यातून अंग काढून घेतले. ज्याचे जळते त्याला कळते.

भाडेकराराकडे तर कोणी पाहतच नाही. रस्ता सुंदर झाला की परिसराची किंमत वाढते, आणि अनेक करारांत मालमत्ता कर, विमा आणि देखभाल भाडेकरूकडेच असल्यामुळे त्या वाढीचा बोजा त्याच्यावर येतो. करार संपला की मूळ भाडेही वाढते. बाहेर टेबले मांडता न येणारा चष्मेवाला, शिंपी, किल्ल्या करून देणारा यांना तर टेबलांचा काहीच लाभ नाही आणि भाडेवाढ मात्र तीच. पुढे तिथे फक्त रेस्टॉरंट्स उरतात आणि दुपारी रस्ता ओस पडतो.

काम चालू असतानाचा काळ हा तिसरा मुद्दा. डेन्व्हरच्या सोळाव्या रस्त्याचे नूतनीकरण २०२२ मध्ये सुरू झाले ते २०२५ पर्यंत चालले. इतका काळ दारासमोर खणलेले असेल, तर तीन टक्क्यांवर चालणारा धंदा तग धरत नाही. एकेक भाग पूर्ण करून मगच पुढचा खणावा, आणि माल उतरवायला सकाळचे निश्चित तास असावेत, एवढ्या दोन अटी लेखी मिळाल्या तरी माझे बहुतेक परिचित रस्ता बंद करण्यास तयार होतील.

जाता जाता एक सांगतो. जुन्या इमारतींत नवी रेस्टॉरंट्स निघत नाहीत, त्याला अनेकदा नियमच कारणीभूत असतात. कितीतरी शहरांत दर हजार चौरस फुटांमागे दहा गाड्यांची जागा मागितली जात असे. एका गाडीला वळण्याच्या जागेसह तीनशे चौरस फूट धरले, तरी जेवणाऱ्यांच्या तिप्पट जागा गाड्यांना द्यावी लागते. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये ही सक्ती शहरभर काढून टाकली. आपल्या आराखड्यात या नियमाचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते तीच त्याची सर्वांत मोठी उणीव आहे.

आपला,
एक सभासद

परिसरात राहणाऱ्या सभासदाकडून

काका आणि दादा, दोघांचेही आभार.

मार्गिका कमी करण्यास माझा पाठिंबा आहे, हे मी आता स्पष्ट लिहिते. तो रस्ता मुलांना घेऊन ओलांडताना काकांनी वर्णन केलेला प्रसंग मी पाहिलेला आहे. रस्ता बंद करण्याविषयी मात्र माझे समाधान झालेले नाही. शुक्रवार ते रविवार प्रयोग करायचा म्हणजे नेमक्या त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीत गाड्या येणार. त्यामुळे प्रयोगाआधीच आमच्या गल्लीसाठी रहिवाशांचे परवाने, दोन्ही टोकांना अपंगांसाठी राखीव जागा आणि उतरण्याची जागा, आणि टेबले आवरण्याची ठरलेली वेळ, हे सारे लागू व्हायला हवे. प्रयोग फसला तर पाहू, असे म्हणणाऱ्यांना त्याची झळ लागत नाही.

कार्यवाहांकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार.

तीन मार्गिकांच्या सूचनेला कोणाचाही विरोध न आल्यामुळे मंडळाच्या नावाने तेवढेच पाठिंब्याचे पत्र जाईल. रस्ता बंद करण्याच्या बाबतीत आपल्यातच हितसंबंध वेगळे आहेत, म्हणून त्यावर मंडळ एकमुखी भूमिका घेणार नाही. सुनावणीत प्रत्येक वक्त्याला दोन-तीन मिनिटेच मिळतात. ताईंनी राखीव जागा आणि फुटपाथच्या रुंदीवर, काकांनी मोजणीवर आणि हिशेब पाहणाऱ्या आपल्या सभासदांनी माल उतरवण्याच्या तासांवर बोलावे, अशी विनंती आहे. पार्किंगच्या सक्तीचा मुद्दा या सुनावणीच्या कक्षेत येत नाही असे प्रशासनाचे म्हणणे पडेल, तेव्हा तो नियोजन आयोगाकडे स्वतंत्रपणे मांडावा लागेल. ते पत्र लिहिण्यास कोणी तयार असल्यास कळवावे.

आपला,
कार्यवाह