सोलापुरात आधी दिवाळी मोठी की गड्डा?

प्रश्न (किनाऱ्यावरचा):
बदलीमुळे जूनपासून मी आईसह सोलापुरात राहत आहे. आम्ही मूळचे रत्नागिरीचे. आमची दिवाळी म्हणजे पहाटे तुळशीपाशी कारीट (एक छोटे कडू फळ) फोडणे आणि घरोघरचे तऱ्हेतऱ्हेचे पोहे. येथे मात्र दिवाळीविषयी कोणालाही विचारले, तर "ती होईलच, पण संक्रांतीला कुठे जाऊ नका, गड्डा आहे" असे उत्तर मिळते. आई ७२ वर्षांची आहे आणि तिला गर्दी सोसत नाही, तरी एक तरी विधी तिला प्रत्यक्ष पाहायचा आहे. कोणता दिवस निवडावा?

उत्तर (कसब्यातला):
आपल्या शेजाऱ्यांनी योग्य तेच सांगितले आहे. गड्डा हा शब्द आम्ही जत्रेतल्या पाळण्यांसाठी आणि दुकानांसाठी वापरतो तसा संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या संपूर्ण सिद्धरामेश्वर यात्रेसाठीही वापरतो, पण यात्रेचा गाभा म्हणजे एक लग्न आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी विवाह करण्याची इच्छा एका कुंभारकन्येने धरली, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह लावण्याची अनुमती दिली, अशी कथा आहे. त्या योगदंडाची प्रतीके म्हणजे सात नंदीध्वज. बाराबंदी (बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा) घातलेले भक्त हे उंच नंदीध्वज कमरेच्या आधाराने तोलत नेतात. ते पाहताना आपल्याच पाठीत कळ येते.

पहिल्या दिवशी शहरातील ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. त्याला यण्णीमज्जन म्हणतात. कन्नडमध्ये यण्णी म्हणजे तेल, मज्जन म्हणजे स्नान. भोगीला तलावाकाठच्या मंदिराजवळ संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. संक्रांतीला रात्री होम मैदानावर बाजरीच्या पेंढीची कुंभारकन्या करून तिला शालू, बांगड्या आणि मंगळसूत्र घातले जाते व अग्नी दिला जातो, कारण कथेप्रमाणे लग्नानंतर तिने होमकुंडात प्रवेश केला. लहानपणापासून पाहूनही त्या क्षणी माझ्याकडून शब्द निघत नाही. त्यानंतर दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्य ठेवून भाकणूक होते आणि पावसापाण्याचा अंदाज बांधला जातो. माझ्या मते आईंना होमच दाखवावा.

उत्तर (मागावरचा):
वरील वर्णनाशी माझा वाद नाही, परंतु ते वाचून सोलापूरचे सण जानेवारीतच सुरू होतात असा समज होऊ नये. आम्ही शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक, आणि आमचे वर्ष नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाने उजळते. त्या दिवशी पद्मशाली घरांत जानवे बदलले जाते आणि या पौर्णिमेला आमच्याकडे सुताचीच पौर्णिमा म्हणतात, जे विणकरांना शोभून दिसते. पुढे सर्वपित्री अमावास्येपासून अष्टमीपर्यंत बतुकम्मा. तरवड, कुरडू आणि झेंडूच्या फुलांचे थर रचून, शेंड्यावर हळदीची गौरी बसवून, बायका त्याभोवती फेर धरतात आणि शेवटी फुलांचे पाण्यात विसर्जन करतात. खंडेनवमीला माग थांबवून त्याची पूजा होते; एरवी रात्रंदिवस चालणारा खडखडाट बंद पडला की गल्लीला चुकल्यासारखे होते. कोजागरीला तर निम्मे शहर सुमारे ४५ किलोमीटर चालत तुळजापूरला निघते.

गर्दी सोसत नसलेल्या आईंसाठी बतुकम्माच उत्तम. त्या खुर्चीवर बसून पाहू शकतील आणि ओळख नसली तरी कोणीतरी त्यांना हळदीकुंकू लावीलच.

उत्तर (तलावाकाठी):
एक सूचना. संक्रांत कधी १४ तर कधी १५ जानेवारीला येते, म्हणून आधी त्या वर्षीचे पंचांग पाहावे. किंक्रांतीच्या रात्रीचे शोभेचे दारूकाम लांबूनही दिसते. परतीच्या वाटेवर मात्र चेंगराचेंगरी होते, तेव्हा ते संपण्यापूर्वीच निघावे.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. आईला उत्तरे वाचून दाखवली. होमाचे ऐकून ती म्हणाली की मुलीला एवढे नटवून जाळलेले मला पाहवणार नाही, मला लग्नच दाखव. बतुकम्मा यंदा आमच्या हातून निसटला, तो पुढच्या वर्षी. अक्षतांसाठी किती आधी पोहोचावे?

उत्तर (कसब्यातला):
आईंचे म्हणणे मान्य, मी शब्द मागे घेतो. नंदीध्वज वाजतगाजत येईपर्यंत जागा अडलेल्या असतात, म्हणून दोन तास आधी यावे, खाण्याचा डबा आणि घडीची खुर्ची जवळ ठेवावी आणि कडेला बसावे. अक्षता घरूनच घेऊन याव्यात. मंगलाष्टकासारखे संमतीचे वाचन होते, त्यात "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" हे शब्द कानी पडले की मगच त्या टाकायच्या असतात. मागच्या रांगेतील उतावळे आधीच सुरुवात करतात. आईंनी त्यांच्याकडे पाहू नये.