गंभीर आजारांचा विमा: आजारांची संख्या पाहावी की व्याख्या?

यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड

नमस्कार. माझे वय ४३ असून एमआयडीसीत माझे टॉवेलचे सोळा यंत्रमाग आहेत. कुटुंबाचा १० लाखांचा आरोग्य विमा आहे, पण तो फक्त रुग्णालयाचे बिल भागवील. मी सहा महिने अंथरुणाला खिळलो तर कामगारांचा आठवड्याचा पगार, सुताच्या व्यापाऱ्याची उधारी आणि बँकेचा हप्ता कोण देणार, ही चिंता वडिलांना ५६ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आल्यापासून मला लागून राहिली आहे. गंभीर आजारांच्या विम्यात निदानानंतर ठरलेली रक्कम एकरकमी मिळते, असे कळले. एक एजंट ३६ आजारांची पॉलिसी सुचवतो, दुसरा १५ आजारांची, तर तिसरा मुदत विम्यालाच (ठरावीक काळापुरत्या आयुर्विम्याला) रायडर, म्हणजे जादा संरक्षणाचे कलम, जोडायला सांगतो. मला तीन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. ती अर्जात लिहू नका, हप्ता वाढेल, असाही सल्ला मिळाला. काय पाहून निवड करावी?

निवृत्त विमा अधिकारी, जुळे सोलापूर

रक्तदाब आणि वडिलांचा आजार दोन्ही अर्जात लिहा, हे सर्वांत आधी सांगतो. लिहिल्यास हप्ता थोडा वाढेल किंवा आधीपासूनच्या आजाराशी संबंधित दाव्यासाठी प्रतीक्षाकाळ लागेल; आरोग्य विम्यात तो आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. लपविल्यास मात्र नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारला जाण्याची शक्यता राहते. पॉलिसी सलग ६० महिने चालल्यावर कंपनीला माहिती दडविल्याचा आक्षेप घेता येत नाही, असा नियम असला तरी सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे; तेव्हा त्या नियमाच्या भरवशावर गप्प राहू नये.

आता आजारांच्या संख्येविषयी. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २२ गंभीर आजारांच्या प्रमाणित व्याख्या ठरवून दिल्या आहेत आणि पैसे मिळणे न मिळणे त्या व्याख्येवर ठरते. कर्करोगाच्या व्याख्येत मूळ जागेतून बाहेर न पसरलेला, अगदी प्राथमिक अवस्थेतील रोग बसत नाही. पक्षाघातात कायमस्वरूपी दोष किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो. काही तासांत ओसरलेला झटका त्यात येत नाही. हृदयविकाराच्या झटक्यासाठी छातीतील वेदनांचा इतिहास, ईसीजीतील नवे बदल आणि रक्तातील ट्रोपोनिनसारख्या घटकांची वाढ, अशी लक्षणे एकत्र पाहिली जातात. म्हणून ३६ आजारांच्या यादीतील दुर्मीळ नावे मोजण्यापेक्षा कर्करोग, हृदय, मूत्रपिंड आणि पक्षाघात यांची कलमे दोन्ही पॉलिसींत शेजारी ठेवून वाचा.

पॉलिसी घेतल्यापासून पहिल्या ९० दिवसांत झालेल्या निदानाला बहुधा संरक्षण नसते. निदानानंतर रुग्ण ठरावीक दिवस, बऱ्याच पॉलिसींत ३० दिवस, हयात असणेही आवश्यक असते.

गृहिणी, विजापूर रोड

वरच्या काकांनी व्याख्येबद्दल जे लिहिले ते आम्ही सोसले आहे. माझ्या यजमानांना छातीत दुखू लागले, अँजिओग्राफीत ८० टक्के अडथळा दिसला आणि स्टेंट बसविला. बिल आरोग्य विम्यातून मिळाले. गंभीर आजाराच्या पॉलिसीतील दावा मात्र नाकारला गेला, कारण झटका येण्याआधीच उपचार झाले होते आणि आमच्या यादीत बायपास होते, अँजिओप्लास्टी, म्हणजे स्टेंट बसविणे, नव्हते. पॉलिसी विकताना 'हृदयाचे सगळे येते' असे आम्हांला सांगितले होते. काही पॉलिसींत अँजिओप्लास्टी असते, पण त्यासाठी पूर्ण रकमेऐवजी तिचा काही भागच देतात, हे नंतर कळले. दादा, तुमच्या घरी हृदयविकाराचा इतिहास आहे, म्हणून हे एक कलम एजंटाला बोट ठेवून वाचून दाखवायला सांगा.

पैशांची गरज किती पडते तेही सांगते. माझ्या नणंदेवर बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात उपचार झाले. फेऱ्यांमागून फेऱ्या, सोबतच्या माणसाची बुडालेली रोजी, आणि मुलांसाठी गावाकडून आणून ठेवलेली आजी. यातले काहीही कोणत्याच बिलावर येत नाही.

कर सल्लागार, सात रस्ता

थोडक्यात दोन गोष्टी. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेव्हा जुने दरपत्रक धरून हिशोब करू नका. आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील प्राप्तिकराची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते.

यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड

सर्वांचे मनापासून आभार. घर आणि कारखान्याचा न टळणारा खर्च महिन्याला ९० हजारांच्या आसपास आहे. किती रकमेचा विमा घ्यावा, आणि रायडरचे काय?

निवृत्त विमा अधिकारी, जुळे सोलापूर

दोन वर्षांचा खर्च धरल्यास २१ लाख ६० हजार होतात, म्हणून २५ लाख मला योग्य वाटतात. रायडर स्वस्त पडू शकतो. मात्र त्यातील रक्कम मूळ आयुर्विम्यातून वजा होते की वेगळी मिळते, हे लेखी विचारा. वजा होणारा रायडर आपल्यासारख्या कर्जदाराने टाळावा, कारण आजारानंतर दुर्दैवाने मृत्यू ओढवला तर कुटुंबाच्या हाती येणारी रक्कम तेवढी घटते. स्वतंत्र पॉलिसी घेतलीत तर कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्या मुदतीत आपल्या डॉक्टरांसमोर बसून व्याख्यांचे पान त्यांच्याकडून समजून घ्या.