रामचंद्र पाटील किती बाइट?

सी भाषेत मजकूर कॉपी करणाऱ्या स्ट्रकॉपी फंक्शनच्या जागी, ठरवून दिलेल्या बाइटवर थांबणारं स्ट्रएनकॉपी टाकलं की ओव्हरफ्लोचा, म्हणजे मजकूर ठरलेल्या जागेबाहेर सांडण्याचा प्रश्न मिटतो, असं सांगितलं जातं; ते अर्धंच खरं आहे. आणि त्याची उदाहरणं बहुतेक इंग्रजी अक्षरांची असतात, म्हणून एक मराठी अनुभव सांगतो. सी मधल्या एका जुन्या बिलिंग प्रोग्रॅममध्ये नावाला ३२ बाइटची जागा होती आणि तिला लागूनच रक्कम. इंग्रजी नावांवर सगळ्या चाचण्या पास. मग कोणीतरी ‘रामचंद्र पाटील’ असं देवनागरीत भरलं आणि बिलावर भलतीच रक्कम छापली गेली. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, अनुस्वार, हलन्तसुद्धा. रामचंद्रचे २४, स्पेसचा १, पाटीलचे १५ आणि मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट मिळून ४१. म्हणजे ९ बाइट थेट शेजारच्या रकमेत शिरले!

आम्हीही आधी स्ट्रएनकॉपीच लावलं. ते ३२ बाइटवर थांबलं, पण ‘पा’ नंतरच्या ‘ट’चा पहिलाच बाइट आत आला आणि शेवटी शून्य लागलंच नाही, कारण मजकूर जागेपेक्षा मोठा असेल तर ते फंक्शन शून्य लावतच नाही. मग छपाई पुढची मेमरी वाचत सुटली. असं हद्दीबाहेरचं वाचन किरकोळ समजू नका, २०१४ ची हार्टब्लीड नावाची गाजलेली सुरक्षा-त्रुटी तीच होती. शेवटी जागेत मावेल तेवढंच लिहून शून्य लावणारं एसएनप्रिंटएफ वापरलं, आणि नाव अर्ध्या चिन्हावर तुटू नये म्हणून कापण्याची जागा वेगळी तपासली.