'मेमरी फुल झाली' म्हणजे नेमके काय भरले?

प्रश्न : फोटो काढताना जागा नाही म्हटले की आपण 'मेमरी फुल' म्हणतो. लॅपटॉप घेताना '१६ जीबी मेमरी' हवी, असेही म्हणतो. या दोन्ही एकच का? आणि मराठीत कोणते शब्द वापरावेत?

प्रतिसाद : नाही, वस्तू दोन आहेत. फोटोला जागा उरली नाही, तर भरले ते स्टोरेज. मेमरी म्हणजे रॅम. चालू काम प्रोसेसर तिथे मांडून करतो. रॅममधला प्रत्येक बिट (० किंवा १) हा एका सूक्ष्म कपॅसिटरमधला, म्हणजे भार साठवणाऱ्या घटकातला, विद्युतभार असतो. तो सतत गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. वीज तुटली की हे भरणे थांबते आणि सेव्ह न केलेला मजकूर जातो. लॅपटॉपच्या एसएसडीत किंवा फोनच्या फ्लॅश चिपमध्ये, म्हणजे स्टोरेजमध्ये, भार विद्युतरोधकाच्या वेढ्यात अडकवलेला असतो, त्यामुळे फोन बंद असतानाही फोटो राहतात. 'मेमरी कार्ड' या नावाने घोळ वाढवला. ते कार्ड निव्वळ साठवणीचे आहे.

प्रतिसाद : इंग्रजीतही यंत्रासाठी 'मेमरी' हा शब्द सुरुवातीपासून नव्हता. चार्ल्स बॅबेजने १९व्या शतकात आपल्या ॲनालिटिकल इंजिन या यांत्रिक गणकयंत्राच्या आराखड्यात 'स्टोअर' आणि 'मिल' म्हटले, म्हणजे कोठार आणि गिरणी. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या एडव्हॅक या सुरुवातीच्या संगणकावरील १९४५च्या अहवालात यंत्राच्या भागांची तुलना मज्जापेशींशी आहे, आणि तिथे 'मेमरी' येते. त्यावरून आपण 'स्मृती' केले. पण मराठीत स्मृती मागे उरते. रॅम तर वीज जाताच सगळे विसरते! म्हणून मला 'स्मृती' इथे दिशाभूल करणारा वाटतो. रॅमला रॅमच म्हणावे. स्टोरेजला मात्र 'साठवण' हा घरचा शब्द आहे: साठवणीचे लोणचे, साठवणीचा मसाला. टिकवून ठेवण्याचा अर्थ त्यात आधीच आहे. 'संचयन' म्हटले, तर ती क्रिया झाली, जागा नव्हे.

प्रतिसाद : दुकानात 'मेमरी वाढवून द्या' एवढेच सांगू नका. आधी लक्षण पाहा. ब्राउझरचे जुने टॅब परत उघडताना पुन्हा लोड होतात, अनेक प्रोग्रॅम चालू असताना यंत्र अडखळते, तर रॅम अपुरी. फाइल उतरत नाही, अपडेट बसत नाही, तर साठवण भरली. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून 'परफॉर्मन्स' उघडा. नेहमीचे काम चालू असताना मेमरी सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल तरच रॅम घ्या. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या; डीडीआर४ची पट्टी डीडीआर५च्या खाचेत बसत नाही, आणि काही लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच जोडलेली असते. तेव्हा मॉडेल क्रमांक सांगूनच मागवा.

प्रश्न : मग ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ का दिसते? रॅम तर ८ची ८ दिसते.

प्रतिसाद : साठवण विकणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४च्या पटीत मोजते, म्हणून आकडा घटतो. बाइट तेवढेच असतात. रॅम मुळातच १०२४च्या पटीत बनते.

प्रतिसाद : एक भर. फोनच्या जाहिरातीत '८+८ जीबी रॅम' दिसली, तर दुसरे ८ साठवणीतून उसने घेतलेले असतात. ती जागा रॅमपेक्षा बरीच संथ असते. तुलना करताना पहिलाच आकडा धरा.