बाजूनेही बघून घ्या
टीव्ही घेताना दुकानात समोर उभं राहून चित्र बघा आणि ठरवा, असा सल्ला देतात, तो मला अर्धाच पटतो. तिथले टीव्ही बहुतेक वेळा डेमो किंवा 'व्हिविड' मोडवर असतात, रंग नुसते भडक, त्यामुळे सगळेच छान दिसतात. 'सिनेमा' मोड लावायला सांगा, मग फरक कळतो.

आणि बाजूला सरकूनही बघा. एलईडी टीव्हीत 'व्हीए' प्रकारचं पॅनेल (म्हणजे चित्र दाखवणारा पडदा) असेल तर काळा रंग छान गडद येतो, पण कडेने बघणाऱ्याला चित्र फिकट, धुतल्यासारखं दिसतं. (आमच्याकडे सोफ्याच्या टोकाला बसणारा कायम कुरकुरतो.) 'आयपीएस' या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचं उलट, कोपऱ्यातूनही रंग टिकतात, पण दिवे मालवले की काळ्याचा करडा होतो. खोक्यावर पॅनेल कोणतं हे सहसा लिहिलेलं नसतं. ओलेड टीव्हीला (यात पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) हा त्रास फारसा नाही, मात्र दिवसभर बातम्यांची पट्टी चालू राहणार असेल तर तिचा डाग पडद्यावर कायमचा उमटू शकतो.